चिमूटभर उत्प्रेरक आणि दगडासारखे इपॉक्सी

फुटलेली कपबशी, तडा गेलेली बादली, गळणारा नळाचा सांधा अशा कितीतरी ठिकाणी इपॉक्सी गोंद उपयोगी पडतो. हा गोंद दुकानात दोन नळ्यांमध्ये मिळतो. एका नळीत रेझिन आणि दुसरीत हार्डनर. दोन्ही कालवायचे, लावायचे आणि थांबायचे, एवढी कृती बहुतेकांना ठाऊक असते. पण थोडा विचार केला की प्रश्न पडू लागतात. सुतारकामातला पांढरा गोंद त्यातील पाणी उडून गेल्यावर वाळतो. इपॉक्सीतून तर काहीच उडून जात नाही. मग ते घट्ट होते कसे? एक प्रकार रात्रभर वेळ घेतो आणि दुसरा पाच मिनिटांत आवळतो, असे का? काम लवकर उरकावे म्हणून हार्डनर जरा जास्त घातला तर काय बिघडते?

हे प्रश्न घरगुती डागडुजीपुरते मर्यादित नाहीत. विजेच्या रोहित्रांमधील विद्युतरोधन, संगणकातील सर्किट बोर्ड, पवनचक्कीची पाती, विमानांचे भाग, काँक्रीटमध्ये रोवलेले बोल्ट या सर्व ठिकाणी इपॉक्सी असते. ते नीट घट्ट झाले नाही तर काय होऊ शकते, याचे एक दुःखद उदाहरण आपण पुढे पाहणार आहोत. त्याआधी या पदार्थाची रचना समजून घेऊ.

ताणलेले कडे

इपॉक्सी हे नाव एका छोट्या अणुगटावरून आले आहे. दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन यांचे हे तीन कोपऱ्यांचे कडे आहे. कार्बनच्या चार एकेरी बंधांमध्ये स्वाभाविकपणे सुमारे १०९ अंशांचा कोन असतो. या त्रिकोणी कड्यात तो जेमतेम ६० अंशांपर्यंत दाबला जातो. बांबूची कांब जबरदस्तीने वाकवून बांधून ठेवावी, तसा हा प्रकार आहे. कड्यात साठलेली ताण-ऊर्जा मोलमागे सुमारे ११४ किलोज्यूल इतकी भरते. म्हणजे कडे उघडायला आतुरच असते, फक्त कोणीतरी दोरी कापायला हवी.

बाजारातील बहुसंख्य इपॉक्सी रेझिने बिस्फेनॉल-ए आणि एपिक्लोरोहायड्रिन या दोन रसायनांपासून बनतात. फिनॉल आणि अॅसिटोन यांच्यापासून बिस्फेनॉल-ए तयार होते. रेझिनचा रेणू लांबट असून त्याच्या दोन्ही टोकांना एकेक इपॉक्सी कडे असते. अशा रेणूंचा द्रव काकवीसारखा दाट असतो. बाटलीत नुसता ठेवला तर तो कित्येक महिने तसाच राहतो, कारण कडी उघडण्यासाठी आवश्यक असणारा धक्का त्याला मिळत नाही.

या रसायनशास्त्राचा पाया दोन वेगळ्या ठिकाणी घातला गेला. जर्मनीत पाउल श्लाक यांनी १९३४ मध्ये अमाइन आणि इपॉक्साइड यांच्या संयोगाविषयी पेटंटसाठी अर्ज केला. स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्ताँ हे दंतवैद्यकासाठी नवे पदार्थ शोधत होते. त्यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस इपॉक्सी रेझिन थॅलिक अॅनहायड्राइडच्या साह्याने कठीण करून दाखवले. कृत्रिम दातांच्या कवळीसाठी सुरू झालेले हे काम पुढे गोंद, रंग आणि विद्युतरोधन या दिशांनी वाढले. अमाइन आणि अॅनहायड्राइड हे दोन मार्ग आजही या उद्योगाचे मुख्य रस्ते आहेत.

हार्डनर म्हणजे उत्प्रेरक नव्हे

प्रथम अमाइनचा मार्ग पाहू. अमोनियातील एक हायड्रोजन काढून तेथे कार्बनी गट बसवला की प्राथमिक अमाइन मिळते. त्यातील नायट्रोजनवर इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते आणि दोन हायड्रोजनही असतात. ही जोडी इपॉक्सी कड्यातील कार्बनवर चाल करते. कार्बन-ऑक्सिजन बंध तुटतो, कडे उघडते, नायट्रोजनवरील एक हायड्रोजन ऑक्सिजनकडे जातो. नायट्रोजन आणि रेझिन यांच्यात नवा पक्का बंध तयार होतो आणि शेजारी एक हायड्रॉक्सिल गट निर्माण होतो. नायट्रोजनवर दुसरा हायड्रोजन शिल्लक असेल तर तो दुसरे कडे उघडतो.

थोडक्यात, नायट्रोजनवरील प्रत्येक हायड्रोजन म्हणजे एक हात. रेझिनच्या रेणूला दोन हात आणि हार्डनरच्या रेणूला चार-सहा हात. सर्वांनी एकमेकांचे हात धरले की सर्व दिशांना पसरलेले जाळे तयार होते. द्रवाचा घन होण्याचे रहस्य हेच. काही वाळत नाही, काही उडून जात नाही, सुटे रेणू एकमेकांत विणले जातात.

आता हिशेब करू. नेहमीच्या द्रव रेझिनच्या सुमारे १९० ग्रॅममध्ये एक मोल इपॉक्सी कडी असतात. ट्रायइथिलीन टेट्रामाइन या परिचित हार्डनरचे रेणुवस्तुमान १४६ आहे आणि त्यात वापरता येण्याजोगे सहा हायड्रोजन आहेत. १४६ ला ६ ने भागले की सुमारे २४.३ ग्रॅम येतात. म्हणजे १९० ग्रॅम रेझिनला २४.३ ग्रॅम, किंवा १०० ग्रॅमला सुमारे १३ ग्रॅम हार्डनर हवा. अकरावीच्या विद्यार्थ्याला सहज जमेल असे हे गणित आहे.

गल्लत होते ती येथेच. फायबरग्लासच्या कामात वापरले जाणारे पॉलिएस्टर रेझिन वेगळ्या तऱ्हेने घट्ट होते. त्यात पेरॉक्साइड एक-दोन टक्के घालतात, कारागीर त्याला सरसकट 'कॅटॅलिस्ट' म्हणतात आणि थंडीच्या दिवसांत ते थोडे वाढवतातही. हीच सवय इपॉक्सीला लावली की काम बिघडते. इपॉक्सीचा अमाइन हार्डनर हा अभिक्रियेतील बरोबरीचा भागीदार आहे. तो जास्त घातला तर कित्येक हात रिकामे राहतात, जाळे अपुरे विणले जाते आणि माल मऊ, चिवट, ओल धरणारा होतो. कमी घातला तर रेझिनची कडी तशीच शिल्लक राहतात. गती वाढवायची असेल तर प्रमाणाला हात न लावता वेगळा पदार्थ चिमूटभर घालावा लागतो. तोच खरा आपला विषय, सेंद्रिय उत्प्रेरक.

ढकलणे आणि ओढणे

कडे उघडण्यास दोन प्रकारे मदत करता येते. एक म्हणजे इलेक्ट्रॉनांची जोडी देऊन कार्बनला ढकलणे. दुसरी म्हणजे कड्यातील ऑक्सिजनला हायड्रोजन-बंधाने धरून ओढणे, म्हणजे बंध सैल होतो. पाणी, अल्कोहोल, फिनॉल आणि सॅलिसिलिक आम्ल ही ओढण्याच्या कामात तरबेज असतात. त्वचेच्या मलमात असणारे सॅलिसिलिक आम्ल अमाइन हार्डनरमध्ये गतिवर्धक म्हणूनही घातले जाते, हे वाचून विद्यार्थ्यांना गंमत वाटेल.

येथे एक मौजेची गोष्ट लक्षात घ्यावी. कडे उघडले की हायड्रॉक्सिल गट तयार होतो, असे आपण वर म्हटले. हा गटही ओढण्याचे काम करतो. म्हणजे अभिक्रिया स्वतःचा मदतनीस स्वतःच निर्माण करते. म्हणून इपॉक्सी प्रथम संथपणे आणि नंतर झपाट्याने घट्ट होऊ लागते. यालाच स्वयंउत्प्रेरण म्हणतात.

ढकलण्याच्या कामात तृतीयक अमाइन अग्रेसर आहेत. यांच्या नायट्रोजनवर तिन्ही ठिकाणी कार्बनी गट असतात, हायड्रोजन एकही नसतो. त्यामुळे ती प्राथमिक अमाइनसारखी हात धरून जाळ्यात सामील होत नाहीत, मात्र इलेक्ट्रॉनांची जोडी त्यांच्याकडे असते. ही जोडी किती मोकळी आहे यावर त्यांचा जोर ठरतो. नायट्रोजनभोवती मोठ्या गटांची गर्दी असेल तर तो कड्यापर्यंत पोचत नाही. बेन्झिल डायमिथिल अमाइनमध्ये दोन गट छोटे मिथिल असतात, त्यामुळे नायट्रोजन पुरेसा उघडा राहतो. ट्रायइथिलीन डायअमाइनमध्ये तर तिन्ही बाहू पिंजऱ्यासारखे मागे बांधलेले असतात आणि नायट्रोजन टोकाला संपूर्ण उघडा असतो.

ढकलणे आणि ओढणे ही दोन्ही कामे एकाच रेणूने केली तर? डीएमपी-३० या नावाने ओळखला जाणारा उत्प्रेरक नेमके हेच करतो. फिनॉल, फॉर्माल्डिहाइड आणि डायमिथिल अमाइन यांच्यापासून तो बनतो. त्याच्या एका रेणूत तीन तृतीयक अमाइन गट आणि मध्ये एक फिनॉली हायड्रॉक्सिल गट असतो.

पाच मिनिटांत घट्ट होणाऱ्या गोंदाचे कोडे आता सुटते. त्याच्या हार्डनरमध्ये बहुधा मरकॅप्टन म्हणजे गंधक-हायड्रोजन गट असलेले रेणू असतात. नळी उघडताच येणारा कुजकट वास त्यांचाच. मरकॅप्टन एकटे असले तर साध्या तापमानाला इपॉक्सीकडे फारसे फिरकत नाही. तृतीयक अमाइनने त्याचा हायड्रोजन काढून घेतला की उरलेला गंधकाचा ऋणभारित गट अतिशय चपळ होतो आणि एकामागून एक कडी उघडत जातो. म्हणजे पाच मिनिटे आणि रात्रभर यांतील फरक हार्डनरच्या जातीत आणि थोड्याशा उत्प्रेरकात आहे.

एकामागे सत्तर

उत्प्रेरकाचे खरे सामर्थ्य अॅनहायड्राइडच्या मार्गात दिसते. दोन आम्लगटांमधून पाण्याचा एक रेणू काढला की अॅनहायड्राइड मिळते. ते आणि इपॉक्सी नुसते एकत्र ठेवले तर फारसे काही घडत नाही. दीडशे अंशांपुढे तापवूनही बराच वेळ वाट पाहावी लागते. त्यात शेकडा एक भाग बेन्झिल डायमिथिल अमाइन घातले की चित्र पालटते. अमाइन एक कडे उघडते आणि ऑक्सिजनवर ऋणभार येतो. हा ऋणभारित ऑक्सिजन अॅनहायड्राइडला उघडतो व कार्बोक्झिलेट तयार होते. कार्बोक्झिलेट दुसरे इपॉक्सी कडे उघडते, पुन्हा ऋणभारित ऑक्सिजन मिळतो, आणि चक्र चालू राहते. बैलगाडीच्या चाकाप्रमाणे एक आरा इपॉक्सीचा, पुढचा अॅनहायड्राइडचा.

प्रमाण पाहण्यासारखे आहे. १०० ग्रॅम रेझिनमध्ये ०.५३ मोल कडी असतात. बेन्झिल डायमिथिल अमाइनचे रेणुवस्तुमान १३५, म्हणजे एक ग्रॅम हे ०.००७४ मोल होतात. भागाकार केला तर उत्प्रेरकाच्या एका रेणूमागे सुमारे ७० इपॉक्सी कडी पडतात. थॅलिक अॅनहायड्राइड मात्र समतुल्य हिशेबाने १०० ग्रॅम रेझिनला ७८ ग्रॅम लागते. भागीदार आणि उत्प्रेरक यांतील फरक याहून स्पष्ट कोणता असणार! कोरड्या प्रकारच्या रोहित्रांची वेटोळी याच पद्धतीच्या मिश्रणात ओतून बंद केली जातात, कारण ते सावकाश घट्ट होते आणि उष्णता बेताने बाहेर पडते.

उत्प्रेरक अभिक्रियेनंतर जसाच्या तसा परत मिळतो, असे आपण वर्गात शिकवतो. येथे ती व्याख्या काटेकोरपणे लागू पडत नाही. तृतीयक अमाइनचा बराचसा भाग साखळीच्या टोकाला चिकटून जाळ्यातच राहतो. म्हणून काटेकोर भाषेत त्याला 'प्रारंभक' म्हणणे अधिक योग्य. अशी सीमेवरची उदाहरणे विद्यार्थ्यांपुढे ठेवली तर व्याख्या पाठ करण्यापेक्षा ती तपासण्याची सवय लागते.

निजलेला उत्प्रेरक

कारखान्यात दोन भाग मोजून मिसळणे नेहमीच सोयीचे नसते. सर्व घटक आधीच एकत्र असावेत, महिनोन्महिने काही घडू नये आणि भट्टीत घालताच सर्व घट्ट व्हावे, अशी गरज असते. त्यासाठी साध्या तापमानाला निजून राहणारे पदार्थ वापरतात. डायसायनडायअमाइड हा त्यांतील जुना आणि स्वस्त पदार्थ आहे. तो सुमारे २०८ अंश सेल्सिअसला वितळतो आणि थंड रेझिनमध्ये विरघळत नाही. भुकटी रेझिनमध्ये नुसती पसरून राहते. १६० ते १८० अंशांना मात्र ती विरघळून कामाला लागते. काही प्रतिस्थापित युरिया किंवा इमिडाझोल थोडे घातले तर हे तापमान बरेच खाली आणता येते. सर्किट बोर्डांसाठी डायसायनडायअमाइड आणि २-मिथिल इमिडाझोल ही जोडी फार वापरली गेली आहे.

इमिडाझोल हे पाच कोपऱ्यांचे कडे असून त्यात दोन नायट्रोजन असतात. ते इपॉक्सीशी आधी जोडले जाते आणि त्यातून निर्माण झालेला ऋणभारित ऑक्सिजन पुढील कडी उघडत जातो. हेच कडे आपल्या शरीरातही आहे. हिस्टिडीन या अमिनो आम्लात ते असते आणि प्रथिने पचवणाऱ्या कायमोट्रिप्सिन या विकराच्या कार्यात हायड्रोजन उचलून देण्याचे काम तेच करते. धातूंच्या मदतीवाचून लहान सेंद्रिय रेणूंकडून उत्प्रेरण करून घेण्याच्या विचाराला २०२१ मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाने गौरवण्यात आले. बेंजामिन लिस्ट आणि डेव्हिड मॅकमिलन हे त्याचे मानकरी. त्यांचे काम आरशातील प्रतिमांसारख्या रेणूजोडीतील हवा तो एक रेणू निवडकपणे घडवण्याचे आहे, ही गोष्ट इपॉक्सीच्या कारखान्याहून वेगळी. पण सेंद्रिय रेणू समर्थ उत्प्रेरक असू शकतो, हे सूत्र दोन्हीकडे समान आहे.

घाईची किंमत

प्रत्येक मोल इपॉक्सी गटामागे सुमारे १०० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. वरच्या हिशेबातील १०० ग्रॅम रेझिन व १३ ग्रॅम हार्डनर यांतून सुमारे ५३ किलोज्यूल मिळतील. मिश्रणाची विशिष्ट उष्णता ग्रॅममागे २ ज्यूल धरली आणि उष्णता बाहेर गेलीच नाही असे मानले, तर तापमान दोनशे अंशांहून अधिक वाढेल. पातळ थरातील उष्णता सहज निघून जाते, पण डब्यात ठेवलेला गोळा तापतो, तापल्यामुळे अभिक्रिया वेगावते, वेगामुळे आणखी तापतो. शेवटी तडे जातात, धूरही येऊ शकतो. उत्प्रेरक जास्त घालणे म्हणजे हे चक्र लवकर सुरू करणे.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. चार हातांचा हार्डनर आणि दोन हातांचे रेझिन समप्रमाणात घेतले, तर सुमारे ५८ टक्के हात जोडले गेल्यावरच संपूर्ण गोळ्याभर पसरलेले पहिले जाळे तयार होते आणि द्रव वाहणे थांबवतो. बोटाला तो घट्ट लागतो. परंतु ४२ टक्के काम बाकी असते! पुढे जाळे दाट होत गेले की रेणूंना हलायला जागा उरत नाही, पदार्थ काचेसारखा ताठ होतो आणि अभिक्रिया जवळजवळ थबकते. उरलेले काम पुरे करण्यासाठी त्याला पुन्हा तापवावे लागते. 'घट्ट लागणे' आणि 'पूर्ण पक्के होणे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरी गोष्ट म्हणजे वेगवान मिश्रणाचे जाळे संथ मिश्रणाच्या जाळ्यासारखे असतेच असे नाही. पाच मिनिटांच्या नेहमीच्या गोंदातील गंधकयुक्त साखळ्या लवचिक असतात. साधारण ५० ते ६० अंशांपुढे अशा गोंदाची पकड झपाट्याने घटते. एप्रिल-मे महिन्यांत उन्हातला पत्रा एवढा सहज तापतो.

आता ते दुःखद उदाहरण. अमेरिकेतील बॉस्टन शहरात १० जुलै २००६ च्या रात्री एका महामार्गाच्या बोगद्यातील छताचे काँक्रीटचे फलक धावत्या मोटारीवर कोसळले. सुमारे २६ टन काँक्रीट व लोखंड खाली आले. मोटारीतील एक महिला ठार झाली. हे फलक ज्या पोलादी सळयांना टांगले होते, त्या बोगद्याच्या छतात भोके पाडून इपॉक्सी गोंदाने बसवल्या होत्या. तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २००७ मध्ये निष्कर्ष दिला, की वापरलेला गोंद लवकर घट्ट होणाऱ्या प्रकारचा होता आणि दीर्घकाळ भार पेलण्याची क्षमता त्यात नव्हती. थोड्या वेळाच्या चाचणीत तो बोल्ट धरून ठेवत असे. परंतु सतत भाराखाली तो वर्षानुवर्षे कणाकणाने ताणत गेला आणि अखेर सळया निसटल्या. या संथ ताणण्याला विसर्पण म्हणतात. त्याच नावाने विकला जाणारा, सावकाश घट्ट होणारा दुसरा प्रकार या बाबतीत बराच सरस ठरला. म्हणजे दोन्ही डब्यांवर 'इपॉक्सी' लिहिलेले असले तरी आतले जाळे एकसारखे नव्हते.

वर्गात काय करता येईल?

जाळ्याची कल्पना देण्यासाठी एक खेळ घेता येतो. रेझिन झालेल्या मुलांनी दोन्ही हात पुढे करावेत. हार्डनर झालेल्यांच्या कमरेला चार दोऱ्या बांधाव्यात. रेझिनच्या दोन मुलांमागे हार्डनरचे एक मूल असावे. शिक्षकांनी टाळी वाजवली की एक हात आणि एक दोरी जुळावी. किती टाळ्यांनंतर वर्गाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सलग साखळी होते ते मोजावे. नंतर हार्डनरची मुले दुप्पट करून तोच खेळ खेळावा. रिकाम्या लोंबणाऱ्या दोऱ्या पाहिल्यावर 'जास्त हार्डनर' म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही.

वरच्या इयत्तांसाठी खरा प्रयोगही करता येईल. रात्रभर घेणारा गोंद आणि पाच मिनिटांचा गोंद प्रत्येकी थोडा कालवून पत्र्यावर पातळ पसरावा. दर काही मिनिटांनी काडीने टोचून तार निघते का, ते नोंदवावे. एक नमुना सावलीत आणि एक उन्हात ठेवला तर तापमानाचा परिणामही कळतो. प्रत्येक नमुना पाच ग्रॅमहून जास्त नसावा. हातमोजे घालावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. घट्ट न झालेले रेझिन आणि अमाइन यांमुळे त्वचेला कायमची अॅलर्जी जडू शकते. हाताला लागलेच तर साबण आणि पाण्याने धुवावे. थिनर किंवा स्पिरिट वापरू नये, कारण त्यांच्याबरोबर रसायन त्वचेत अधिक शिरते.

प्रयोगाच्या वहीत वेळेबरोबर आणखी एक रकाना जरूर असावा. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्यानंतर तोच नमुना नखाने दाबून पाहावा, गरम पाण्यात बुडवून पुन्हा पाहावा आणि काय आढळले ते त्या रकान्यात लिहावे. कोणता गोंद आधी घट्ट झाला हे पहिल्या दिवशी कळेल. कोणता अखेरपर्यंत घट्ट राहिला, हे या रकान्यातूनच कळेल.